एनव्हिडियाचा शेअर घ्यावा का?

शेअरबाजाराची बाराखडी : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण ताळेबंद वाचायला शिकलो. त्यावर दिग्रसच्या तरुण वाचकांनी विचारलं, की आता मोबाइलवरून अमेरिकेतले शेअर घेता येतात, तर एनव्हिडिया घ्यावा का? त्याचं उत्तर ज्याचं त्यानेच काढायचं असतं. ते कसं काढावं, एवढं आज पाहू.

आधी धंदा समजून घ्या. जेन्सन हुआंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली, ती संगणकावरच्या खेळांसाठी चिप बनवायला. पडद्यावर चित्र उमटवायचं तर लाखो ठिपक्यांचा हिशोब एकाच वेळी करावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचं गणितही असंच एकाच वेळी सोडवावं लागतं, म्हणून तीच चिप तिथे कामी आली. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ महासंगणक याच कंपनीच्या चिपवर उभा आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३वा होता. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि मागणीला उधाण आलं. जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या वर्षात विक्री सुमारे २७ अब्ज डॉलर होती, ती दोनच वर्षांत १३०.५ अब्जांवर गेली. त्यातले सुमारे ११५ अब्ज एकट्या डेटा सेंटरच्या धंद्यातून आले.

कंपनी दमदार आहे, यात शंका नाही. पण शेअरच्या भावात आजच्या नफ्यासोबत उद्याची अपेक्षाही धरलेली असते. कापूस पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांवर भाव मिळाला. पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला, आणि भाव सात-आठ हजारांवर उतरला. कापूस तसाच होता, चुकली ती अपेक्षा.

या शेअरनेही असे तडाखे दिले आहेत. २००२ मध्ये तो काही महिन्यांत जवळजवळ ९० टक्के खाली आला. नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात त्याची दोन तृतीयांश किंमत गेली. २७ जानेवारी २०२५ ला, डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त प्रणालीची बातमी पसरली तेव्हा, तो एका दिवसात १७ टक्के घसरला. तिन्ही वेळा भाव पुन्हा वर गेला, पण त्याचा फायदा ज्याला थांबता आलं त्यालाच झाला.

म्हणून खरेदीआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, गिऱ्हाईक. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल, मेटा अशा मोजक्या कंपन्यांच्या खर्चावर ही विक्री उभी आहे, आणि गूगल, ॲमेझॉन स्वतःच्या चिपही बनवतात. त्यांनी हात आखडला, तर? दुसरी, कारखाना. एनव्हिडिया चिपचा आराखडा करते, पण त्या घडवते मुख्यतः तैवानची टीएसएमसी. तिसरी, सरकार. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेने चीनला जाणाऱ्या प्रगत चिपवर निर्बंध लावले, आणि मोठी बाजारपेठ आक्रसली.

आपल्याकडचे नियमही ध्यानात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला, तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि वर उपकर लागतो. त्याआधी विकला, तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. हे शेअर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागतात. डॉलरचा दर हलला की तुमचा नफाही हलतो, तो वेगळाच.

माझं मत स्पष्ट आहे. पेरणीचे, मुलांच्या फीचे किंवा कर्ज काढून आणलेले पैसे या शेअरमध्ये घालू नका. किमान पाच वर्षं लागणार नाहीत अशा शिलकीचा लहानसा भाग घालायचा असेल, तर तो थोडाथोडा घाला. आणि घेण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: विक्री कुठवर वाढेल असं मला वाटतं, आणि काय घडलं तर मी बाहेर पडेन. या दोन ओळी लिहिता येत नसतील, तर तुमचा अभ्यास अजून बाकी आहे. खरेदी थांबवा.

पुढच्या आठवड्यात : भाव आणि नफा यांचं गुणोत्तर, म्हणजे शेअर महाग की स्वस्त हे कसं ओळखायचं.