हाउन्स्लोचा वडापाव

2023 च्या मार्चच्या सुरुवातीस आमच्या कंपनीत नोकरकपात झाली. निरोप मिळालेल्यांत मी होतो, तसाच माझ्या शेजारच्या टेबलावरचा ग्वाटेमालाचा सहकारीही. मी आता ब्रिटिश नागरिक. नोकरी गेली तरी देश सोडण्याची वेळ माझ्यावर येणार नव्हती. त्याचे तसे नव्हते. कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाची नोकरी सुटली, की गृहखात्याचे पत्र आल्यावर साधारणपणे 60 दिवसांत त्याला दुसरा मालक शोधावा लागतो. शेवटच्या दिवशी संगणक परत करून आम्ही बाहेर पडलो. तो अगदी गप्प होता. मी म्हटले, "चल, आज आमच्याकडचे खाऊ या." आणि त्याला हाउन्स्लोच्या 'श्रीकृष्ण वडापाव'मध्ये घेऊन गेलो.

बशी पुढे आल्यावर त्याने विचारले, "हे तुमचे पारंपरिक खाणे का?" इंजिनियरला असा प्रश्न विचारू नये. वस्तू सुटी करून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी वडा मोडला आणि एकेक भाग सांगू लागलो: आत बटाटा, त्यात हिरवी मिरची, लसूण, हळद, बाहेर बेसन, पावात लसणीची सुकी चटणी, तीत लाल मिरची आणि शेंगदाणे. तो हसू लागला. "अरे, बटाटा, मिरची, शेंगदाणे, सगळे आमच्या खंडातले!"

त्याचे म्हणणे खरे होते. या तिन्ही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी तिखटाची गरज मुख्यतः मिऱ्यांवर भागत असे आणि मिरचीचे नावही मिऱ्यावरूनच पडले. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात ना मिरचीचा ठेचा होता, ना बटाट्याची भाजी. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज, 'पाव'ही पोर्तुगीज. वडापावात आपले जुने असे उरले बेसन, हळद आणि लसूण!

पण त्याच्या हसण्याची परतफेड मलाही करता आली. त्यांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे पेपियान. भोपळ्याच्या बिया, तीळ, टोमॅटो आणि सुक्या मिरच्या भाजून वाटायच्या आणि त्या दाट रश्शात कोंबडी शिजवायची. आपल्या कोल्हापुरी वाटणाचा लांबचा भाऊच म्हणा ना. 2007 साली ग्वाटेमालाच्या सरकारने त्याला देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यात दालचिनीही पडते, असे तो म्हणाला. मी म्हटले, तीळ आणि दालचिनी आमच्या बाजूची आणि कोंबडीसुद्धा मूळची आशियातली! हिशेब बरोबरीत सुटला.

मग या पदार्थांत पारंपरिक ते काय? साहित्यात शोधू गेले तर हाती काही लागत नाही. मला वाटते, वडापावाची परंपरा तो कोणी आणि का विकला, यात आहे. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. गिरणीत पाळीला धावणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या, स्वस्तात पोट भरेल असे काही हवे होते. पुढे 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि बहुतेकांच्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांनी कढई पेटवली आणि वडापावाची गाडी लावली.

आम्ही बसलो होतो त्या दुकानाची कथाही याच जातीची आहे. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी हे मुंबईत एकत्र शिकलेले मित्र. मंदीत सोहनींची हॉटेलातली नोकरी गेली. 2010 साली दोघांनी हाउन्स्लोमध्ये एका पोलिश माणसाच्या आइस्क्रीमच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेतली. लोकांना चव कळावी म्हणून सुरुवातीला रस्त्यावर वडापाव फुकट वाटला. दुकानाच्या शाखा नंतर निघाल्या. म्हणजे दादर, गिरणगाव आणि हाउन्स्लो या साखळीतल्या दोन कड्या तरी गेलेल्या नोकरीच्या आहेत.

हे सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी काही घरांच्या दारावर लाल दिवा लागतो. त्याचा अर्थ, आत तमाल तयार आहेत, या आणि घेऊन जा." तमाल म्हणजे मक्याच्या पिठात मांस-रस्सा भरून, पानात गुंडाळून उकडलेला पदार्थ. आपल्या पानगीची आठवण व्हावी असा. "माझ्या आजीच्या दारावर असा दिवा असे. आजोबांचे काम सुटले, तेव्हा तिने तो लावला. आम्हा मुलांना वाटे, आजीला स्वयंपाकाची हौस आहे."

त्या वाक्याने मला माझे वागणे आठवले. नोकरी जाणार हे मला आठवडाभर आधी कळले होते आणि बायकोखेरीज मी कोणालाही सांगितले नव्हते. पुढे 22 मार्चच्या पाडव्यालाही, सत्य सांगण्याचा निश्चय करून गेलो असताना, "काम कसे चालले आहे?" या प्रश्नाला "जोरात!" असेच ठोकून दिले. आपल्या मंडळींत मुलांच्या गुणांची, घराच्या किमतीची चर्चा मोकळेपणी होते. नोकरी गेली, हे मात्र आजारासारखे लपवले जाते. परिणामी ज्याच्याकडे चार ओळखी आहेत, त्याला ज्याला त्या हव्या आहेत तो दिसतच नाही.

माझ्या मित्राने मात्र भेटेल त्याला सांगितले. सातव्या आठवड्यात ओळखीतूनच त्याला काम मिळाले. मला चार महिने लागले. त्यातले दोन मी गप्प राहण्यात घालवले.

तेव्हा वाचकहो, वडापाव खाताना तो दादरसारखा लागतो का, हे जरूर ताडून पाहा. पण शेजारी बसलेल्याला कामाचे विचाराल, तेव्हा "जोरात" या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. आणखी एक वडापाव मागवा आणि पुन्हा विचारा.