हजेरी कुणाच्या वहीत?

आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सहज एकदा विचारून पाहा, ‘बाबा रे, तुझे नंबर किती?’ मार्कांचं विचारत नाही मी. वर्गातला रोल नंबर, विद्यापीठाचा सोळा आकडी पी.आर.एन., दर परीक्षेला बदलणारा बैठक क्रमांक, ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा क्रमांक, आणि आता श्रेयांकांच्या राष्ट्रीय पेढीतला बारा आकडी क्रमांक. आधार वेगळंच. आमच्या पिढीला रेशनकार्डाचा आणि रेल्वेच्या पासाचा नंबर माहीत असला की आयुष्य निघून जात असे.

या प्रत्येक नंबरामागे एक वेगळी यंत्रणा आहे, आणि या यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण झालेल्या दोन शेजारणींसारखं त्यांचं आहे. निरोप असेल तर तो पोरानं पोचवायचा. एका खिडकीवरची पावती घ्यायची, तिचा फोटो काढायचा, दुसरीकडे चढवायचा, तिसरीकडे त्याचीच झेरॉक्स द्यायची. विद्यार्थी हा आजच्या महाविद्यालयाचा बिनपगारी टपालवाला झाला आहे.

मी कल्याणच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. ग्रंथपालाच्या खुर्चीतून कॉलेज जरा वेगळं दिसतं. प्राध्यापकाला वर्ग दिसतो, कार्यालयाला फी दिसते. ग्रंथालयात मात्र पोरं रमली आहेत की नाही ते कळतं. पुस्तक पुढ्यात उघडं टाकून नुसता बसणारा मुलगासुद्धा एका अर्थानं कॉलेजचा झालेला असतो. हल्ली यालाच ‘स्टुडंट एंगेजमेंट’ म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. त्यात बहुधा नवं काय विकत घ्यावं याची चर्चा असते. आहे ते एकमेकांना जोडावं, असं म्हणणारा क्वचितच भेटतो.

हा पसारा झाला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. १९९४ मध्ये ‘नॅक’ स्थापन झाली आणि पुढे मूल्यांकनासाठी संगणक दाखवणं आलं. ग्रंथालयांत इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ आलं. २००१ मध्ये राज्यात एम.के.सी.एल. स्थापन झालं. एम.एस.-सी.आय.टी.मुळे डोंबिवलीच्या गल्लीगल्लीत ते नाव पोचलं, आणि विद्यापीठाच्या नोंदणीसाठीही त्यांचीच प्रणाली बरीच वर्षं वापरात होती. मग शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’ आलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एका आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकानं आपापला व्हॉट्सअ‍ॅप गट आणि आपापली गूगल क्लासरूम उघडली. ते गट अजून चालू आहेत. २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी आली. पुढे प्रवेशाच्या नोंदणीसाठी केंद्राचं ‘समर्थ’ आलं. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वरच्या कुणाला तरी काही तरी हवं होतं म्हणून आली. परिषदेला अहवाल हवा होता, खात्याला हिशेब हवा होता, विद्यापीठाला याद्या हव्या होत्या. वासिंदहून पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या मुलीला काय हवं आहे, हा प्रश्न कुणाच्या फायलीत नव्हता.

अशीच एक मुलगी मला आठवते. आसनगावहून यायची, दुसऱ्या वर्षाला, वाणिज्य शाखेत. दिवाळीआधीच ती दिसेनाशी झाली. नेलेलं पुस्तक परत आलं नव्हतं, हे आमच्या संगणकात होतं. वर्गात ती नव्हती, हे तीन प्राध्यापकांच्या तीन हजेरीपुस्तकांत होतं. तिची शिष्यवृत्ती जमा झाल्याचं कार्यालयाच्या पडद्यावर होतं. पुढच्या जूनमध्ये ती आली ती ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन. ग्रंथालयाची सही हवी होती. ‘का सोडतेस गं?’ विचारल्यावर म्हणाली, ‘मॅडम, स्कॉलरशिप आलीच नाही, आणि दुसरा हप्ता भरायला घरी पैसे नव्हते.’

पैसे आले होते. शाळेत असताना गावाकडच्या बँकेत तिच्या नावानं एक खातं काढलं होतं, आधार त्याच खात्याला जोडलेलं होतं, आणि रक्कम तिकडे जाऊन पडली होती. ती मात्र अर्जावर लिहिलेल्या नव्या खात्याचं पासबुक दर आठवड्याला भरून पाहत होती. कार्यालयाच्या लेखी ‘जमा’, तिच्या लेखी ‘नाही’. या दोन शब्दांची गाठ कुणी घालून दिली असती, तर तिचं वर्ष वाचलं असतं.

तिच्या हातातला तो कागद पाहून मला एक गोष्ट लख्ख कळली. कॉलेजातल्या सगळ्या खिडक्यांवरून फिरणारा, ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, जिमखाना या सगळ्यांच्या सह्या एकत्र आणणारा कागद एकच आहे, आणि तो कॉलेज सोडताना भरायचा असतो.

आता रेल्वेचं घ्या. आमच्या भागातल्या कॉलेजांचं खरं वेळापत्रक मध्य रेल्वे ठरवते. कल्याणला गाडीचा मार्ग दुभंगतो. एक फाटा टिटवाळा, वासिंद, आसनगावकडून कसाऱ्याला जातो. दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमार्गे कर्जतला. आसनगावच्या पुढे गाड्या विरळ. एक चुकली की तास-दीड तास गेलाच. मुरबाडकडच्या मुलांना एस.टी.चा भरवसा. साडेसातच्या पहिल्या तासाला जो गैरहजर असतो तो नेहमी आळशीच असतो असं नाही. आणि गंमत म्हणजे, कोण कुठल्या स्टेशनावरून येतो ही माहिती प्रत्येक कॉलेजकडे आहे! सवलतीच्या पासासाठी विद्यार्थ्याला कॉलेजचा दाखला लागतो, आणि त्याची नोंद कार्यालयात राहते. ती वही आणि पहिल्या तासाची हजेरी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर गैरहजेरीतली कितीतरी गाडीची निघेल. त्यावर उपाय वेळापत्रकाचा आहे. पालकांना पत्र पाठवून काही होणार नाही. पण आपल्याकडे सत्र संपत आलं की ७५ टक्के हजेरीच्या नियमावर बोट ठेवून डिफॉल्टर लिस्ट लागते. तोवर जो सुटायचा तो सुटलेला असतो.

नव्या शैक्षणिक धोरणानं हा घोळ आणखी वाढवला आहे. पूर्वी एन.एस.एस., खेळ, नाटक ही हौसेची कामं होती. फार तर दहा गुण जादा. आता ‘सहअभ्यासक्रम’ म्हणून त्यांनाही श्रेयांक आहेत, आणि तीन वर्षांच्या पदवीचे साधारण १३२ श्रेयांक भरताना तेही धरले जातात. कल्पना उत्तम. पण एन.एस.एस.च्या वर्षाच्या १२० तासांची नोंद अजूनही कार्यक्रम अधिकाऱ्याच्या वहीत, नाटकाच्या तालमीची नोंद सांस्कृतिक विभागाच्या सरांच्या डोक्यात, आणि श्रेयांक चढवायचे परीक्षा विभागाच्या संगणकात. मध्ये पुन्हा तोच टपालवाला!

‘मग सगळं एकाच संगणकावर आणा की,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी २०१७ सालची आठवण करून देते. मुंबई विद्यापीठानं त्या वर्षी सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, आणि निर्णय झाला तो परीक्षांच्या तोंडावर. प्राध्यापकांना सराव नाही, यंत्रणा पुरती बसलेली नाही. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तपासणीसाठी वर्ग बंद ठेवावे लागले, तरी निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशी किंवा दुसऱ्या विद्यापीठांत जाऊ पाहणाऱ्या मुलांचे हाल झाले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ठाणे-कल्याणमधल्या कित्येक घरांत तो उन्हाळा आणि पावसाळा निकालाची वाट पाहण्यात गेला. यंत्र एकदम मोठं आणलं आणि माणसं तयार केली नाहीत की काय होतं, ते आपण दीडशे वर्षांहून जुन्या विद्यापीठात पाहिलं.

उलट उदाहरण अमेरिकेतलं आहे, पण आपल्याशी मिळतंजुळतं. अटलांटातलं जॉर्जिया स्टेट हे सरकारी विद्यापीठ. तिथली बरीच मुलं बेताच्या घरची, नोकरी करून शिकणारी. २०१२ पासून त्यांनी विद्यार्थ्यांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या आणि धोक्याच्या ८०० खुणा ठरवल्या. कुणी चुकीचा विषय घेतला, कुणाला पायाभूत विषयात कमी गुण पडले, की सल्लागाराला सूचना जाते. लोक त्या संगणकाचंच कौतुक करतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. त्याच वेळी त्यांनी बेचाळीस सल्लागार नव्यानं नेमले. सूचना आली की मुलाला बोलावून समोर बसवणारं माणूस तिथे होतं. शिवाय, थोडक्या थकबाकीपायी नाव कमी होणाऱ्या मुलांना ते विद्यापीठ छोटी मदत देऊ लागलं. किती तरी मुलं अभ्यासामुळे नव्हे, काहीशे डॉलरांमुळे गळत होती, हे नोंदी जुळवल्यावर दिसलं. आसनगावच्या त्या मुलीचं तरी दुसरं काय होतं?

आपल्याकडे बेचाळीस सोडा, दोन सल्लागार नेमायलाही पैसे नाहीत, हे मान्य. पण प्रत्येक कॉलेजात ‘मेंटॉर’ म्हणून शिक्षकांना मुलं वाटून दिलेली असतात. मूल्यांकन समिती येते त्या दिवशी ती फाईल टेबलावर असते. त्या मेंटॉरच्या हातात दर पंधरवड्याला एक साधा तक्ता पडला तरी पुरे : हजेरी, ग्रंथालय, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज. याला नवं सॉफ्टवेअरसुद्धा लागत नाही. पी.आर.एन. हा एकच नंबर सगळ्या याद्यांत लिहिला, की कार्यालयातला कुणीही एक्सेलवर याद्या जुळवू शकतो. आज अडतं ते इथेच, की ग्रंथालयाच्या यादीत कार्ड नंबर, हजेरीत रोल नंबर आणि शिष्यवृत्तीत तिसराच.

एक भीती मात्र खरी आहे. नोंदी जुळल्या की त्या पोरांवर पाळत ठेवायलाही वापरता येतात. कोण कुठे बसतं, काय वाचतं, कुणाबरोबर दिसतं हे मुख्याध्यापकी थाटात घरी कळवणारे कमी नाहीत. वाचकानं कुठलं पुस्तक नेलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि त्या तक्त्यातही ते असू नये. मूल येतंय की नाही, एवढंच पुरे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती कशासाठी घेतली ते सांगणं बंधनकारक केलं आहे. कॉलेजच्या प्रवेशअर्जावर ते दोन ओळींत सहज छापता येईल.

प्रवेशाचा हंगाम आला की पालक फी, वसतिगृह, प्लेसमेंट सगळं विचारतात. त्या रांगेत उभं असताना आणखी दोन गोष्टी विचारा. माझ्या मुलीचा मेंटॉर कोण आणि ती दहा दिवस आली नाही तर मला कोण कळवणार? आणि घरी आल्यावर दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते पाहा. आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे, ते बँकेत जाऊन विचारा. जुनं, विसरलेलं खातं निघालं, तर त्याचं पासबुकही एकदा भरून घ्या.