परदेशी शिक्षणाची पूर्वतयारी – भाग ४ : सुरुवात कालिन्यापासून

मागच्या आठवड्यात विद्यापीठांची यादी कशी करायची ते पाहिलं. यादी झाली की बहुतेक मुलं एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्दिष्टपत्र, लिहायला बसतात. एसओपी तुम्ही एकट्याने, रात्री जागून लिहू शकता. ट्रान्सक्रिप्टचं तसं नाही. तो कागद दुसऱ्याच्या टेबलावरून येतो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यात आधी करायचा.

सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा, संस्थेने प्रमाणित केलेला उतारा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. तो कोण देणार, इथेच उपनगरातल्या मुलांची पहिली धावपळ होते. कॉलेज नुसतं संलग्न असेल तर कागद मुंबई विद्यापीठाचा, म्हणजे कालिन्याच्या विद्यानगरीतल्या परीक्षा विभागाचा. बोरिवली-अंधेरीची मुलं सांताक्रूझला उतरतात, मुलुंड-घाटकोपरची कुर्ल्याला. पण अंधेरीचं सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थान किंवा मुलुंडचं वझे-केळकर यांसारख्या स्वायत्त कॉलेजांत परीक्षा कॉलेजच घेतं आणि पदवी विद्यापीठाची असते. विद्याविहारच्या सोमय्याचं २०१९मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्यामुळे त्याच आवारात शिकलेल्या थोरल्या भावाची पदवी मुंबई विद्यापीठाची आणि धाकट्या बहिणीची सोमय्याची असू शकते. भावाने केलं तेच बहिणीने करायला गेलं तर हेलपाटा ठरलेला. आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा : आमच्या तुकडीचं ट्रान्सक्रिप्ट नेमकं कोणाच्या सहीचं?

कागद हातात आला की पहिल्यांदा नाव तपासा. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि बहुधा आईचंही येतं. पासपोर्टवर मांडणी वेगळी असते. प्रत्येक अर्जात पासपोर्टवरचंच नाव भरा. क्रम वेगळा असला तर सहसा अडत नाही. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर मात्र पुढे व्हिसापर्यंत छळतं, ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता खरा घोळ, तो गुणांचा. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत सीजीपीआय (मुलांच्या भाषेत पॉइंटर) सात किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला ७.४ने गुणून १२ मिळवायचे, हे टक्केवारीचं सूत्र अनेक तुकड्यांना लागू होतं. त्या हिशेबाने नऊ पॉइंटर म्हणजे नव्वद टक्के नव्हेत, ७८.६ टक्के. घरात कोणी सहज दहाने गुणून अर्ज भरला तर तो खोटा ठरतो.

उलट बाजूनेही नुकसान होतं, आणि याकडे कोणी फारसं लक्ष वेधत नाही. जर्मनीत परदेशी गुण ज्या सूत्राने बदलतात त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वाधिक गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ जेमतेम पास. समजा, तुमचा पॉइंटर ७.५ आहे. दहापैकी, चारला पास, असा हिशेब केला तर उत्तर २.२५ येतं. त्याच पॉइंटरचे सूत्राने ६७.५ टक्के होतात. शंभरपैकी, चाळीसला पास, असं मांडलं तर उत्तर २.६च्या वर जातं. अनेक एमएस अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. विद्यार्थी तोच, गुणही तेच, पण एका मापात तो आत आणि दुसऱ्यात बाहेर. म्हणून स्वतः रूपांतर करू नका. मूळ श्रेणी जशी आहे तशी भरा आणि तुमच्या तुकडीची श्रेणीपद्धती सांगणारा अधिकृत कागद सोबत जोडा. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला ती छापलेली असेल, तर मागची बाजूही स्कॅन करा. ती बाजू स्कॅन करायची राहून जाते, हे फार वाईट.

जर्मनीसाठी आणखी एक पायरी आहे. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमची कागदपत्रं खरी आहेत, अशी ती पोच. त्याची फी १८,००० रुपये. ते मिळायला वेळही लागतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या मुदतीसाठी कागद हिवाळ्यातच तयार हवेत.

केटी, म्हणजे राहिलेला विषय, लपवायची का, असं पालक दबक्या आवाजात विचारतात. अजिबात नाही. ट्रान्सक्रिप्टवर ती दिसू शकते, आणि लपवल्याचं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जातो. एका सत्रात विषय राहिला आणि पुढे सुटला, यात लाजण्यासारखं काही नाही.

इतकी घाई कशासाठी, तर २०१७ आठवा. त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि यंत्रणा कोलमडली. कुलपती या नात्याने राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडत लागले. शेवटी २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. तोवर परदेशातले वर्ग कधीच सुरू झाले होते. प्रवेशपत्र हातात असूनही अंतिम निकाल नाही, या विवंचनेत त्या तुकडीच्या मुलांनी तो पावसाळा काढला. चूक त्यांची काडीमात्र नव्हती. असा उशीर तुम्हाला रोखता येणार नाही. पण आधीच्या सत्रांचे कागद तयार असतील, तर परदेशी विद्यापीठाकडे मुदतवाढ मागताना तुमच्या हातात निदान काहीतरी असेल.

कन्सल्टंट नेमला असला तरी हे काम त्याच्यावर टाकू नका. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला असेल तर याच आठवड्यात अर्ज करा, आणि तीन-चार जादा प्रती मागून घ्या. पुढच्या भागात शैक्षणिक कर्ज आणि तारण यांविषयी.