हिल हाउस : जाळीच्या आत सुकणारं घर

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या वायव्येला हेलेन्सबर्ग हे क्लाइडच्या खाडीकाठचं गाव. तिथे वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी १९०२ ते १९०४ या काळात वॉल्टर ब्लॅकी या प्रकाशकासाठी हिल हाउस हा बंगला बांधला.

बाहेरून घर साधं, जवळजवळ कोरं दिसतं. खरं मोल आत आहे. कुटुंबाचा दिनक्रम समजून घेऊन मॅकिंटॉश यांनी खोल्या आखल्या आणि दिवे, कपाटं, खुर्च्याही स्वतःच योजल्या. पांढऱ्याशुभ्र शयनगृहात शिडीसारख्या उंच पाठीची काळी खुर्ची भिंतीशी उभी आहे. ती हलवली तर खोलीचा तोलच जाईल. सजावटीत पत्नी मार्गारेट मॅक्डॉनल्ड यांचा मोठा वाटा आहे. म्हणून इथे नुसत्या भिंती राखून भागत नाही, आतलं सामानही वारशाचाच भाग आहे.

या घराचा घात केला तो बाहेरच्या गिलाव्याने. चुन्याऐवजी त्या काळी नव्या असलेल्या पोर्टलंड सिमेंटचा गिलावा केला गेला. त्याला तडे गेले, पाणी आत शिरलं आणि भिंतीतच कोंडलं. अखेर २०१९मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने अख्ख्या घरावर छप्पर आणि पोलादी कड्यांची जाळी उभारली. पाऊस बराचसा अडतो, वारा खेळतो, भिंती सावकाश सुकतात. घाईने गिलावा खरवडण्यापेक्षा हा धीर मला फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापण्याआधी कृपया जाणकाराला विचारा.