मार्लेश्वर: धारेश्वराच्या सावलीतलं देवस्थान

संगमेश्वर तालुक्यात, देवरुखजवळच्या मारळ गावी सह्याद्रीच्या कुशीत मार्लेश्वराची गुहा आहे. समोर कड्यावरून धारेश्वर धबधबा कोसळतो. पावसाळ्यात आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं! गुहेत मात्र समयांचाच मंद उजेड. कपारींत साप वावरतात. भाविक त्यांना देवाचंच रूप मानतात, कुणी डिवचत नाही. तुम्हीही हात लांबच ठेवा, मोबाईलचा फ्लॅश तर नकोच.

मकरसंक्रांतीला इथे देवाचं लग्न लागतं! वर मार्लेश्वर, वधू साखरप्याची गिरिजादेवी. पालख्या डोंगरवाटेने येतात, आंगवलीची मंडळी वरपक्षाची. माझ्या मते कोकणातला सर्वांत देखणा सोहळा हाच.

डोंगरमाथ्यापलीकडे चांदोलीचं जंगल, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. देवरुखच्या परिसरात धनेश पक्षीही दिसतो. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, जेमतेम चोच मावेल एवढी फट ठेवते आणि नर तिला त्यातून फळं भरवत राहतो. उंबर-वडासारखी जुनी झाडं राहिली तरच हे चालेल.

जाणार असाल तर पायऱ्या बऱ्याच आहेत, शेवाळामुळे निसरड्या होतात. पकड असलेली चप्पल घाला. जोराच्या पावसात धबधब्याखालच्या डोहाकडे अजिबात उतरू नका, पाणी बघता बघता चढतं.