टोकन देण्याआधी

माळेगावच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी घाई करत नाही. खंडोबाचं दर्शन झालं की तो बाजारात उतरतो. लाल कंधारी असो की देवणी, जोडीपुढे उभा राहून जबडा उघडतो, दात मोजतो, खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलून बघतो आणि मग जोडी चालवून दाखवा म्हणतो. सगळं पटलं तरी सोबत आणलेल्या जाणत्या माणसाकडे एकदा बघतो. त्याने मान हलवली तरच सौदा.

हाच शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात किंवा नांदेडात घर घ्यायला येतो तेव्हा फरशी बघतो, ओटा बघतो, बोअरला पाणी किती ते विचारतो आणि चहा संपायच्या आत टोकन देतो. वावर विकून, कर्ज काढून केलेला हा आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा असतो, आणि नेमका इथेच सोबत जाणता माणूस नसतो.

असा जाणता माणूस फी देऊन मिळतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. अमेरिकेत घर तपासणाऱ्यांची संघटना १९७६ पासून आहे. तिकडे गेलेली आपली मराठी मुलं घर घेताना तपासनीस बोलावतात, दोन-तीन तास त्याच्यामागे फिरतात आणि अहवाल हातात आल्यावरच सौदा पक्का करतात. आपल्याकडे हे काम स्थापत्य अभियंता करतो, त्यातही स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा हाच माणूस एकट्या घराचीही तपासणी करतो. फक्त त्याला बोलवावं लागतं.

औसा रोडच्या बाजूला एका नातेवाइकासाठी जुनं रो-हाऊस बघायला गेलो, तेव्हा अशा एका अभियंत्याबरोबर अख्खी सकाळ होतो. त्यांनी आधी घरात पाऊलच टाकलं नाही. घराभोवती दोन चकरा मारल्या. अंगणाचा उतार घराकडे आहे की रस्त्याकडे, गच्चीच्या पाइपाचं पाणी कुठे पडतं, जोत्याला ओल कुठवर चढली आहे, हे बघितलं. मागच्या भिंतीला वीतभर उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला होता. त्यावर बोट फिरवून ते म्हणाले, "बोअरचं पाणी."

मग दारापाशी थांबले. "काका, हे दार पावसाळ्यात अडकतं का?"

"अडकतंय की," घरमालक सरळ बोलले. "आषाढात लाथ घालावी लागती. उन्हाळ्यात आपसूक सुटतंय."

लाकूड ओलीनं फुगतं, तेव्हा एवढ्यावरून काही ठरत नाही. म्हणून त्यांनी चौकटीला ओळंबा लावला. ओळंब्याचा दोरा वर चौकटीला टेकला होता, खाली दोन बोटं सुटला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली होती, तिच्यावर ताजा रंग होता. मराठवाड्यात ही जोडी भेटली की संशय काळ्या मातीवर जातो. आपली भारी जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होतं. ज्या मातीवर कापूस जोमानं येतो, तीच माती उथळ पायाच्या घराला पोसत नाही.

प्रत्येक भेग वाईट नसते, हेही त्याच सकाळी शिकलो. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली उभी बारीक भेग बहुतेक वेळा नुसत्या गिलाव्याची असते. तुळईच्या पोटाखालून सळईच्या रेषेत जाणारी आडवी भेग मात्र गंभीर, आणि तिच्याभोवती तांबूस डाग असेल तर आत सळई गंजून फुगते आहे. शंका राहिली तर अभियंता भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घालतो, किंवा भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवतो. महिन्या-दोन महिन्यांनी काच तडकली तर भेग जिवंत आहे.

त्यांच्या पिशवीत एक बसकी, नळीसारखी हातोडी होती, रिबाउंड हॅमर. गिलावा काढून काँक्रीटवर दाबली की आतलं वजन आपटून मागे उसळतं आणि आकडा दिसतो. काँक्रीट जितकं टणक तितकी उसळी मोठी. हा आकडा पृष्ठभागापुरताच, हे चांगला अभियंता स्वतःहून सांगतो. गरज पडली तर ध्वनिलहरींची चाचणी घेतो, त्याहून पुढे काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत पाठवतो.

लातूरच्या घराला मी एक प्रश्न हटकून विचारेन: स्लॅब कोणत्या साली पडला? काँक्रीटला साध्या सिमेंटमध्ये किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटमध्ये किमान दहा दिवस ओलं ठेवा, असं भारतीय मानक सांगतं. उन्हाचा कडाका असेल तर आणखी. आता २०१६ च्या दुष्काळातला एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, पहिल्या खेपेला दहा वॅगनमधून सुमारे पाच लाख लिटर. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथे स्लॅबवर पाणी कोण मारणार? अशा वर्षांत उभी राहिलेली सगळीच घरं कच्ची असं मी म्हणत नाही. पण त्यांची हातोडीनं परीक्षा झालीच पाहिजे.

नांदेडला प्रश्न बदलतो. तिथे आधी गोदावरीला विचारायचं. निळ्या पूररेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीची अट पाळावी लागते. घराची भिंत बोलते तशी शेजारची म्हातारी माणसंही बोलतात: कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं, हे त्यांना पायरीसकट आठवतं. चांगला अभियंता त्यांच्याशी बोलल्याशिवाय परतत नाही.

हे सगळं मी इतक्या तळमळीनं लिहितो त्याचं कारण या मातीतच आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. सरकारी नोंदीत ७,९२८ माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. माणसं मारली ती भिंतींनी. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, सांधायला माती, दोन्ही अंगांच्या दगडांना एकत्र धरणारा आरपार दगड नाही, मधे नुसता भराव. वर उन्हाळ्यात गारवा देणारं मातीचं माळवद. गळती लागली की त्यावर मातीचा आणखी एक थर, असं करत पिढ्यान्‌पिढ्या वजन वाढत गेलेलं. कित्येक घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती आत कोसळल्या. त्या भिंती डोळ्यांनी बघून, ठोकून कुणी तपासल्या असत्या तर धोका आधीच दिसला असता. बघणारं कुणी नव्हतं, आणि त्यावेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये लातूर भूकंपधोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात गेलं.

भूकंपानंतर जे झालं ती माझ्या मते महाराष्ट्रातली घरतपासणीची सर्वांत मोठी शाळा होती. ५२ गावं नव्या जागी वसली. तेरा जिल्ह्यांतल्या दोन लाखांच्या आसपास घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची मदत आली. अभियंते गावोगाव फिरून नुकसानीची प्रतवारी लावत, काम बघून पुढचा हप्ता सोडत. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भिंती बांधून धरणारा पट्टा कुठे टाकायचा, सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, पाणी किती दिवस मारायचं, हे त्या शिकल्या आणि गवंड्याला विचारू लागल्या. ज्या बाईनं तोवर ग्रामपंचायतीत तोंड उघडलं नव्हतं, ती आता भिंतीत आरपार दगड घातला का, हे विचारत होती.

तरीही एक धडा अर्धाच राहिला. बहुतेक घरांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी त्या पैशातून शेजारी एक नवी खोली बांधली. दगडावरचा विश्वास उडाला आणि तो सगळा काँक्रीटवर बसला. आज मराठवाड्यात ‘आरसीसी आहे’ एवढं म्हटलं की तपासणी संपते. पण कमी सिमेंटचं, खाऱ्या पाण्याचं, पाणी न मारलेलं काँक्रीट नावालाच आरसीसी असतं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ रिश्टरचे धक्के बसले, नांदेडपर्यंत घरं हलली. जमीन अजून जागी आहे.

म्हणून अभियंता बोलवाल तेव्हा त्याच्याकडून काय घ्यायचं, हे आधी ठरवा. फी आणि कामाची व्याप्ती लेखी घ्या. अहवाल फोटोंसह हवा. त्यात तातडीचं काय, थांबू शकतं ते काय आणि खर्चाचा अंदाज काय, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. गच्ची, टाकी, अर्थिंग, स्विचबोर्ड हेही बघायला सांगा. तो भिंती फोडणार नाही, पाया उकरणार नाही. जे दिसलं नाही ते दिसलं नाही असं तो लिहील, आणि तसं लिहिणाराच विश्वासाचा. गुंठेवारी, एनए, सातबारा हे त्याचं काम नाही, त्याला वकील लागतो. एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका: हा माणूस बिल्डरनं किंवा दलालानं सुचवलेला नसावा, आणि दुरुस्तीचं काम त्यालाच मिळणार नसावं.

नवं घर असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष विकासकानं विनामूल्य दुरुस्त करायचा, असं रेरा कायदा सांगतो. त्या दाव्याला अहवाल हाच पुरावा. मात्र आपल्याकडचे कितीतरी प्रकल्प पाचशे चौरस मीटर किंवा आठ घरांच्या आतले असतात, त्यांना नोंदणीच लागत नाही. तिथे आपली राखण आपणच. तीस वर्षांपुढच्या इमारतीला तर महानगरपालिका कायद्याप्रमाणे स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. फ्लॅट घेताना ते सोसायटीकडे मागा.

त्या औसा रोडच्या घराचं काय झालं, तर सौदा मोडला नाही. पायाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला, काकांनीही तो मान्य केला, आणि गच्चीचं पाणी आता रस्त्याकडे जातं. तुम्ही घर बघायला निघाला असाल तर टोकनची रक्कम खिशात असतानाच अभियंत्याला फोन करा. जमलं तर पावसाळ्यात बोलवा, तेव्हा घर काही लपवू शकत नाही.