महाविद्यालयातील सामायिक संगणक : व्यवस्था आणि सुरक्षितता

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले म्हणजे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील आणि प्रयोगशाळेतील संगणकांपुढे विद्यार्थ्यांची रांग लागते. खेड्यातून एस.टी.ने आलेला विद्यार्थी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर आपला अर्ज भरतो. आधारपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान अशी कागदपत्रे जोडतो आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून घाईने उठतो. लगेच त्याच्या जागी दुसरा बसतो. पहिल्याचे खाते उघडेच राहिले असेल, तर त्याचा अर्ज दुसऱ्यास पाहता येतो, प्रसंगी त्यातील तपशील बदलताही येतो. कागदपत्रांच्या प्रती यंत्रातच राहिल्या असतील, तर त्या कोणाच्याही हाती लागू शकतात.

असे घडले की विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणास दोष दिला जातो. परंतु ज्या यंत्रावर दिवसभरात अनेक जण बसतात, त्याची सुरक्षितता प्रत्येकाच्या सावधगिरीवर सोपविणे योग्य नव्हे. हा प्रश्न मुख्यतः व्यवस्थेचा आहे.

जुना प्रश्न

सामायिक संगणकाइतकाच हा प्रश्नही जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी पद्धती सिद्ध करून दाखविली. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून त्यांनी संकेतशब्दाची, म्हणजेच पासवर्डची योजना केली. १९६२ साली तेथील एका संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यास मिळणारे चार तास अपुरे पडू लागले. त्याने पंच कार्डाद्वारे संकेतशब्दांची यादीच छापण्याची आज्ञा यंत्राला दिली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली. संकेतशब्द होते, परंतु त्यांची यादी कोणाच्या हाती पडू नये याची तजवीज नव्हती. कुलूप लावून किल्ली खुंटीवर टांगून ठेवावी, तसाच हा प्रकार झाला.

यंत्राने विसरावे

सामायिक संगणकाचा पहिला नियम असा की, वापरणारा उठताच यंत्राने त्याला विसरावे. त्यासाठी संगणक पुन्हा सुरू करताच त्याला ठरावीक मूळ स्थितीत आणणारी प्रणाली उपलब्ध आहे. मधल्या काळात साठविलेल्या प्रती, नोंदलेले संकेतशब्द आणि शिरकाव केलेले बहुतेक विषाणू त्यामुळे पुसले जातात. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. विद्यार्थ्याने आपले काम पेन ड्राइव्हवर अथवा महाविद्यालयाने दिलेल्या स्वतंत्र जागेत साठवावे, हे फलकावर ठळकपणे लिहिलेले असावे. दुसरे असे की, सुरक्षा-सुधारणा बसविताना ही प्रणाली तात्पुरती स्थगित करावी; नाही तर यंत्र पुन्हा सुरू होताच त्या सुधारणाही पुसल्या जातील.

न्याहाळकाची खाजगी खिडकी वापरली की सर्व काही सुरक्षित झाले, हा समज अपुरा आहे. अशी खिडकी भेट दिलेल्या संकेतस्थळांची यादी ठेवत नाही. परंतु उतरवून घेतलेली फाइल ‘डाऊनलोड्स’मध्ये तशीच राहते. स्कॅनर जोडलेल्या संगणकावरील प्रतींकडेही याच कारणासाठी दररोज लक्ष द्यावे.

अधिकार मोजक्या हाती

विद्यार्थ्याचे खाते केवळ वापरापुरते असावे. नवी प्रणाली बसविण्याचा वा रचना बदलण्याचा अधिकार त्या खात्यास नसावा. प्रशासकाचा संकेतशब्द दोन जबाबदार व्यक्तींकडेच असावा आणि त्यांपैकी एकाची बदली होताच तो बदलावा. कळफलकाची तार जेथे जोडली जाते ती जागा दर आठवड्यास पाहावी; दाबलेली प्रत्येक कळ टिपून घेणारे लहानसे उपकरण तेथे गुपचूप बसविता येते.

कार्यालयातील हिशेबाचे आणि परीक्षेचे संगणक विद्यार्थ्यांच्या जाळ्यापासून अलग ठेवावेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. तो जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होता. त्यावरील सुधारणा दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नाही, अशी असंख्य यंत्रे सापडली. याच दृष्टीने ‘विंडोज १०’ची नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, याची नोंद घ्यावयास हवी. अशा संगणकांसाठी नवी प्रणाली, अथवा सी-डॅकच्या ‘बॉस’सारखी लिनक्सवर आधारलेली प्रणाली यांचा विचार करता येईल.

नोंदवहीने लक्षात ठेवावे

यंत्राने विसरावे, परंतु कोणत्या संगणकावर कोण, केव्हा बसले, हे नोंदवहीने विसरता कामा नये. दुसऱ्याचा संकेतशब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-क अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी चौकशीस आधार नोंदवहीचाच असतो आणि निरपराध विद्यार्थ्यावरील संशयही तीच दूर करते. तीत नाव, यंत्राचा क्रमांक आणि वेळ एवढेच असावे. आधार क्रमांक लिहून घेऊ नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे. म्हणून जी माहिती आवश्यक नाही, ती गोळाच न करणे हे उत्तम. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, ही सूचनाही प्रत्येक संगणकाजवळ लावावी.

ग्रामपंचायतीतील सेवा केंद्र, शाळेची संगणक खोली, गावचे वाचनालय, जेथे जेथे एक यंत्र अनेकांचे आहे, तेथे तेथे हेच नियम लागू पडतात. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा नियमितपणाच अधिक लागतो. ज्याच्या घरी संगणक नाही, तोच सार्वजनिक संगणकावर सर्वाधिक विसंबून असतो. त्याने घाईत उठून एस.टी. गाठली, तरी त्याची माहिती मागे उघडी राहू नये, एवढी काळजी संस्थेने त्याच्यासाठी घ्यावयास हवी.